बुडालेल्याचे नाव : लोककथन, वर्गीकरण आणि मृतांचे ऋण

१

दुसऱ्याच्या मृत्यूची हकीकत सांगणारा नेमका कोणाला बांधील असतो? ऐकणाऱ्याला, मागे राहिलेल्या आप्तांना, की जो मेला त्याला? इतिहासलेखनाच्या संदर्भात हा प्रश्न पॉल रिकर यांनी मृतांविषयीच्या ऋणाच्या परिभाषेत मांडला आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात मात्र तो क्वचितच विचारला जातो. तेथे हकीकत हाती आली की तिची 'सामग्री' होते, सामग्रीचे वर्गीकरण होते, आणि वर्गीकरण झाल्यावर ती कोणाची हकीकत होती हा प्रश्न गैरलागू वाटू लागतो. हे गैरलागू वाटणे ही केवळ पद्धतीची सोय आहे की तो एक नैतिक निर्णय आहे, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी १९३७ ते १९३९ या काळात जमवलेल्या स्थानिक हकीकतींचा, आणि त्यांतही पाण्यात बुडून आलेल्या मृत्यूंच्या हकीकतींचा.

या संग्रहाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आयरिश लोकसाहित्य आयोगाची स्थापना १९३५ मध्ये झाली आणि जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक झाले. आयोगाकडे पूर्णवेळ संकलक मोजकेच होते, आणि ज्यांच्याकडून ऐकायचे ती पिढी वृद्ध झालेली होती. तेव्हा शिक्षण खाते आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या सहकार्याने आयोगाने शाळांकडे वळायचे ठरवले. २६ परगण्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील, साधारणतः ११ ते १४ वर्षे वयाच्या, सुमारे ५०,००० मुलामुलींनी या कामात भाग घेतला. आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सुलेवॉन यांनी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. तीत ५५ विषय दिलेले होते. निबंधलेखनाऐवजी मुलांनी घरातील किंवा शेजारपाजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून आपापल्या वहीत लिहायचे, आणि त्यातील निवडक मजकूर शाळेच्या मोठ्या वहीत उतरवला जायचा, अशी ही योजना होती. बांधीव खंडांची सुमारे साडेचार लाख पाने आणि मुलांच्या मूळ वह्यांची पावणेतीन लाखांहून अधिक पाने आज डब्लिन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहेत. आयोगाच्या १९३५ ते १९७० या काळातील संग्रहाचा समावेश युनेस्कोने २०१७ मध्ये जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत केला.

विषयांच्या यादीत 'स्थानिक घटना' असे एक शीर्षक होते. औषधी, सणवार, पवित्र विहिरी, पुरलेले धन, गुरांची निगा, भाकरीचे प्रकार या विषयांच्या रांगेतच ते बसलेले होते. या शीर्षकाखाली मुलांनी वादळे, आगी, अपघात आणि बुडून मेलेली माणसे लिहून आणली. एखाद्या घरात ज्याचे नाव काढताना आवाज खाली येत असेल असा मृत्यू या रीतीने शाळेच्या निबंधाचा विषय झाला. नैतिक प्रश्नाची सुरुवात येथूनच होते.

२

बुडण्याच्या या नोंदी बहुधा आखूड असतात. कित्येकदा अर्ध्या पानाच्या. त्यांचा सर्वसाधारण आकार असा : माणसाचे नाव, तो कोणत्या टाउनलँडचा, म्हणजे आपल्या शिवारासारख्या पण स्वतःचे नाव असलेल्या कोणत्या लहानशा भूभागाचा, तो कोठून कोठे निघाला होता, होडीत किती जण होते, प्रेत केव्हा आणि कोठे सापडले. सन पुष्कळदा नसतो. त्याऐवजी जत्रेचा दिवस असतो, कापणीचे दिवस असतात, किंवा 'चाळीसएक वर्षांपूर्वी' अशी मोजणी असते. त्यानंतर एखादे वाक्य येते ते निराळ्याच पातळीवरचे : त्या जागी रात्री उजेड दिसतो, आदल्या दिवशी किंकाळी ऐकू आली होती, किंवा तो डोह अधूनमधून एक माणूस घेतोच. शेवटी सांगणाऱ्याचे नाव, पुष्कळदा वय आणि गाव, आणि लिहिणाऱ्या मुलाचे नाव.

अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे त्या निराळ्या वाक्याकडे जाते, कारण तुलनेला तेच उपयोगी पडते. रायडार क्रिस्टियानसन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्थलांतरित आख्यायिकांच्या सूचीत ४०५० या क्रमांकाखाली आपला हक्क मागणाऱ्या नदीची आख्यायिका येते. पाण्यातून आवाज येतो की घटका आली, पण माणूस आला नाही. इतक्यात एक माणूस धावत येतो. लोक त्याला अडवून ठेवतात, तेव्हा तो प्यायला पाणी मागतो आणि त्या घोटभर पाण्यानेच मरतो. तेराव्या शतकाच्या आरंभी टिलबरीच्या जर्व्हेसने ऱ्होन नदीच्या संदर्भात या आख्यायिकेचे एक रूप नोंदवलेले आहे. मराठी वाचकाला येथे 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आठवेल. परंतु दोहोंतील फरक अर्थपूर्ण आहे. आपली म्हण वाचलेल्या माणसाविषयी असते, नदीकाठचा तो आवाज न वाचणाऱ्याविषयी असतो.

अशा सूचीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. एका खेड्यातील गोष्ट ही त्या खेड्याचीच नाही, तिला सात शतकांचा आणि अर्ध्या खंडाचा प्रवास आहे, हे सूचीमुळेच कळते. मात्र क्रमांक देण्यासाठी नोंदीतील काय उचलावे आणि काय खाली ठेवावे लागते, ते पाहणे अगत्याचे आहे. उचलला जातो तो कल्पनाबंध. खाली राहते ते माणसाचे नाव, टाउनलँड, जत्रेचा दिवस, होडीतील माणसांची संख्या. कथानकाच्या दृष्टीने हे तपशील निष्क्रिय असतात. नाव बदलले तरी आख्यायिका तीच राहते. ज्याचे नाव बदलता येते तो माणूस मग एका कथाप्रकाराचा पाठभेद होतो. एखाद्या बाईचा मुलगा पाठभेद असू शकतो का, हा प्रश्न भावुक वाटेल. परंतु पद्धतीचा प्रश्न म्हणूनही तो टाळता येत नाही, कारण नोंद करणाऱ्यांनी नावालाच पहिले स्थान दिलेले आहे.

जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात दूर डोनेगलच्या किनाऱ्यावर सापडलेल्या प्रेताची ओळख बहिणींना पटते ती एका मोज्यावरून. मोजा विणताना एकीने चार टाके गाळलेले असतात, ती ते मोजते आणि हा आपलाच भाऊ हे तिला कळते. ज्या तपशिलाने माणूस ओळखला जातो तो तपशील असा क्षुल्लक असतो. नोंदीतील निष्क्रिय तपशिलांचे कार्यही हेच आहे. कथानक पुढे नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसते. हा मृत्यू अमक्याचा, दुसऱ्या कोणाचा नव्हे, एवढे ते सांगतात. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्ये, म्हणजे ही योजना सुरू होण्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कथनकारावरील निबंधात असे प्रतिपादन केले की कथनकाराला अधिकार मिळतो तो मृत्यूकडून. तसे असेल तर ज्याच्या मृत्यूकडून हा अधिकार उसना घेतला त्याचे नाव सांगणे ही त्या उसनवारीची किमान परतफेड ठरते. मुलांच्या वहीत ती झालेली आहे. सूचीत ती बुडीत खात्यात जाते.

३

नाव ही नोंदीची एक बाजू झाली. दुसरी बाजू कारणाची, आणि म्हणून जबाबदारीची आहे. येथे भाषेकडे थोडे पाहावे लागेल. आयरिश भाषेत क्रियापदाचे एक रूप असे आहे की ज्याला कर्ता नसतो. व्याकरणात त्याला 'मुक्त' क्रियापद म्हणतात. बुडण्याची घटना या रूपात सांगितली जाते तेव्हा बुडालेला माणूस वाक्यात कर्म म्हणून येतो, सर्वनामही कर्माचेच वापरले जाते, आणि कर्त्याची जागा मोकळी राहते. संग्रहातील बहुसंख्य नोंदी इंग्रजीत आहेत. तेथेही अशा मृत्यूसाठी कर्मणी रचना रूढ आहे. मराठीत 'तो बुडाला' म्हणताना बुडणारा स्वतःच कर्ता असतो, आणि 'त्याला बुडवले' म्हटले की लगेच खुनाचा संशय येतो. आयरिश वाक्य या दोहोंच्या मध्ये थांबते. काहीतरी केले गेले आहे, पण कोणी केले ते सांगितलेले नाही.

ही मोकळी जागा लोककथन भरून काढते. समुद्र आपले माणूस घेतोच, त्याच्या तोंडचा घास काढला तर तो काढणाऱ्याला नेतो, ही समजूत आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर नोंदली गेली आहे. एडवर्ड टायलर यांनी 'प्रिमिटिव्ह कल्चर' (१८७१) या ग्रंथात तिची चर्चा केली ती 'अवशेष' या संकल्पनेचे उदाहरण म्हणून. बुडणाऱ्याला वाचवू नये ही चाल जलदेवतेच्या कोपाविषयीच्या प्राचीन श्रद्धेचा उरलेला तुकडा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. स्कॉटलंडच्या बेटांबरोबर त्यांनी गंगेत बुडणाऱ्याला न वाचवणाऱ्या हिंदूंचाही दाखला दिला आहे. एका वाक्यात अनेक समाजांवर क्रौर्याचा ठपका येतो, आणि त्या ठपक्याखाली एकाही प्रत्यक्ष माणसाचे नाव नसते. निनावी मृत आणि निनावी अपराधी हे एकाच पद्धतीचे दोन परिणाम आहेत.

या समजुतीला आचरणाचा नियम मानण्यात चूक होते, असे मला वाटते. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॉर्क परगण्यातील डॉन्ट रॉकजवळचे दीपजहाज वादळात नांगर तुटून भरकटले. बॅलीकॉटनच्या जीवरक्षक होडीचे सुकाणूधर पॅट्रिक स्लायनी आणि त्यांचे सहकारी तीन दिवस आपल्या बंदराबाहेर राहिले आणि जहाजावरील आठही माणसांना त्यांनी वाचवले. ही किनाऱ्यावरचीच माणसे होती; समुद्र आपला वाटा घेतो हे वाक्य त्यांनी ऐकले नसेल असे मानणे कठीण आहे. तरीही ती गेली. यावरून एवढे म्हणता येते की ते वाक्य घटनेच्या आधी दिलेला आदेश नसते. ते बहुधा घटनेनंतर, किनाऱ्यावर परत आल्यावर बोलले जाते, आणि ज्याला हात देता आला नाही त्या माणसासमोर बोलले जाते. तू पोहोचू शकला नाहीस यात तुझा दोष नाही, हे सांगण्याची ती एक रीत आहे. श्रद्धेचे विधान म्हणून ते तपासले तर ते खोटे ठरेल. सांत्वनाची उक्ती म्हणून पाहिले तर ते कोण, कोणाला, केव्हा म्हणाले यावरच त्याचा अर्थ अवलंबून आहे, आणि कल्पनाबंधाच्या सूचीत नेमकी हीच माहिती उरत नाही.

४

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जिवंतांवर दया करणारी ही भाषा मृतांवर अन्याय करीत नाही काय? कर्त्याच्या मोकळ्या जागेत समुद्राला बसवले की होडीचा मालक, मुकादम, सरकार, दारिद्र्य हे सारे सुटतात. दैवाची भाषा ही जबाबदारी झाकण्याची भाषा असते, असे आपण अनेक संदर्भांत म्हणत आलो आहोत, आणि ते चूक नाही.

४ सप्टेंबर १८२८ रोजी गॉलवे परगण्यातील अ‍ॅनाडाउन येथून गॉलवेच्या जत्रेकडे निघालेली एक होडी लॉक कॉरिब या सरोवरात, शहराजवळ आलेली असताना बुडाली. होडीत तीसएक माणसे आणि काही मेंढ्या होत्या. वीसएक माणसे मेली. होडी जुनी आणि कुजलेली होती असे समकालीन वृत्तांत सांगतो. एका मेंढीचा खूर तळाच्या फळीतून आरपार गेला. भोक बुजवण्यासाठी कोणीतरी अंगरखा कोंबून पायाने दाबला आणि फळीच निखळली. या घटनेवर अंध कवी अँथनी राफ्टरी यांनी रचलेले विलापगीत लोकांच्या तोंडी राहिले. डग्लस हाइड यांनी राफ्टरींच्या नावावरील गीतांच्या १९०३ मधील संग्रहात ते छापले. हेच हाइड १९३८ मध्ये, मुले वह्या भरत असताना, आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

या घटनेच्या सांगण्यात आक्षेपाचे उत्तर काही अंशी सापडते. गीतात शोक आहे, मेलेल्यांपैकी काहींची नावे आहेत; पुरुष किती आणि स्त्रिया किती याची मोजदादही आहे. मेंढीच्या खुराची आणि कुजक्या फळीची हकीकत गीताबरोबर सांगितली जात राहिली. म्हणजे लोकस्मृतीने विलाप ठेवला आणि फळीही ठेवली. मोडकी होडी कोणी पाण्यात घातली हा प्रश्न तिने विचारलेला नसेल, परंतु तो विचारता येईल असा पुरावा तिने टाकूनही दिला नाही. मुलांच्या नोंदींतही हाच प्रकार दिसतो. होडीत माणसे जास्त होती हे वाक्य आणि तो डोह माणसे घेतो हे वाक्य शेजारी-शेजारी उभी असतात, आणि त्यांची संगती लावण्याची घाई मूल करीत नाही. संगती लावण्याची घाई असते ती आपल्याला. एक पंथ पहिले वाक्य उचलून सामाजिक इतिहास लिहितो, दुसरा पंथ दुसरे वाक्य उचलून मिथक शोधतो. दया आणि न्याय यांची वाटणी संहितेत झालेली नसते; ती वाचनात होते.

आक्षेप याने पूर्णपणे निरस्त होतो असे मात्र म्हणता येणार नाही. २८ ऑक्टोबर १९२७ च्या रात्री अचानक उठलेल्या वादळात क्लेगन, इनिशबॉफिन, इनिशकी आणि लॅकन या पश्चिम किनाऱ्यावरील ठिकाणांचे चाळीसहून अधिक मच्छीमार बुडाले. लहान उघड्या होड्यांतून मासेमारी करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते, आणि गत्यंतर नसणे हे दैव नसते. पुढच्या काही वर्षांत इनिशकीची बेटे निर्मनुष्य झाली. योजना सुरू झाली तेव्हा या घटनेला दहा वर्षेच झाली होती. या किनाऱ्यावरील काही मुलांच्या दृष्टीने 'स्थानिक घटना' म्हणजे स्वतःचे वडील किंवा काका असणार. अशा ठिकाणी समुद्राने नेले हे सांत्वन खरे असले, तरी ते पुरेसे नाही. लोककथनाचा सन्मान करणे म्हणजे त्याने जे विचारले नाही ते आपणही न विचारणे, असा अर्थ होत नाही.

५

आतापर्यंत नावाच्या बाजूने युक्तिवाद केला. परंतु नाव सांगणे नेहमीच ऋण फेडणे असते का? आयर्लंडमध्ये आत्महत्या हा १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता, आणि धार्मिक दृष्ट्या तर तो कलंकच होता. पाण्यात गेलेला माणूस घसरला की त्याने उडी घेतली हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी गाव ते बोलत नाही. कर्त्याविना असलेले ते वाक्य येथे निराळ्या रीतीने उपयोगी पडते : ते खोटे बोलत नाही आणि खरेही उघड करीत नाही. सांगणारी आजी कोणाच्या नातवाला सांगत आहे हे तिला माहीत असते. काय गाळायचे हे ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवते. हे गाळणे म्हणजे विस्मृती नाही, तो कथनाचा भाग आहे.

अभिलेखागारात गेल्यावर श्रोता बदलतो. आणि हा संग्रह आता अंकीय रूपात सर्वांना खुला झाला आहे, स्वयंसेवक त्याचे लिप्यंतर करीत असतात, शोधपेटीत आडनाव घातले की पान समोर येते. आजीने एका मुलाला सांगितलेले नाव त्यामुळे सगळ्या जगाला सांगितले गेले आहे. यात लाभ आहे, पणतवंडांना आपला माणूस सापडतो. यात हानीही आहे, कारण ज्या मौनाच्या आधाराने ते नाव उच्चारले गेले होते ते मौन लिप्यंतरात येत नाही. तेव्हा नाव राखणे हे तत्त्व निरपवाद मानता येणार नाही. नावाबरोबर ते कोणी, कोणाला, कोणत्या मर्यादेत सांगितले हेही राखले तरच नावाला अर्थ राहतो. मुलांच्या वह्यांत सांगणाऱ्याचे नाव आणि वय लिहिण्याची शिस्त होती, ती या दृष्टीने केवळ प्रामाण्याची शिस्त नव्हती. मृताच्या नावाखाली त्याच्याबद्दल बोलण्याची जबाबदारी घेणाऱ्या दोन जिवंत माणसांची नावे तीत येत होती.

मुलांना अशा कामाला लावावे का, हा प्रश्न राहतोच. त्यांच्या वयाला न पेलणारे दुःख गोळा करायला त्यांना पाठवले गेले, असे म्हणता येईल. पण ते गोळा करायला ती कोठे दूर गेली नव्हती. ते दुःख त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओढ्याकाठी होते. बाहेरच्या संकलकाला उत्तर नाकारता येते किंवा शोभिवंत करून देता येते; नातवाला मात्र खरेच सांगावे लागते, आणि जपूनही सांगावे लागते. या वह्यांतील कोरडेपणा मला या नात्यातून आलेला वाटतो. बुडालेल्याचे प्रेत शोधण्यासाठी गवताच्या पेंढीत पेटती मेणबत्ती खोवून ती पाण्यावर सोडायची, आणि ती जेथे थबकेल तेथे शोध घ्यायचा, अशी एक रीत आयर्लंडमध्ये होती. ती लिहिताना अंधश्रद्धा किंवा चमत्कार असा शेरा द्यावा असे मुलाला वाटत नाही. कोणी ती पेंढी सोडली, कोठे थांबली, काय सापडले, एवढ्यावर त्याचे काम भागते.

६

या विवेचनातून कल्पनाबंधांच्या सूची बाजूला ठेवाव्यात असा निष्कर्ष निघत नाही. तुलना न करणारा अभ्यास प्रत्येक गावाला एकाकी करून टाकतो, आणि तेही मृतांना न्याय देणारे नाही. आपला माणूस गेला तसे इतरांचेही गेले आणि त्यांनीही असेच काही म्हटले, हे कळण्यात एक सोबत असते. आक्षेप आहे तो वर्गीकरणानंतर मूळ नोंदीकडे परतण्याची गरज न वाटण्याला. कथाप्रकाराचा क्रमांक हे वाचनाचे साधन आहे. तो वाचनाचा शेवट झाला की अभ्यासकाने एक निर्णय घेतलेला असतो : या माणसाचे बुडणे महत्त्वाचे नाही, बुडण्याचे सांगणे तेवढे महत्त्वाचे. हा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, याचे उत्तर पद्धतिशास्त्रात सापडत नाही.

आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत लोकसाहित्याचे संकलन करून आणलेले विद्यार्थी आपल्या प्रबंधिकेत 'निवेदक' असा रकाना भरतात, आणि विश्लेषणाच्या प्रकरणात तो रकाना पुन्हा उघडला जात नाही. आयरिश मुलांच्या वह्या त्यांच्यासमोर ठेवाव्याशा वाटतात त्या आदर्श म्हणून नव्हेत, कारण त्यांत चुका आहेत, शिक्षकांची निवड आहे, शासकीय योजनेचा राष्ट्रीय हेतूही आहे. त्या ठेवाव्यात त्या एवढ्यासाठी की निवेदकाचा रकाना आणि कथा एकमेकांपासून तोडता येत नाहीत हे त्यांत प्रत्येक पानावर दिसते. अशा पानावरून कल्पनाबंध उचलताना त्याच वाक्यात माणसाचे नाव, सांगणारीचे वय आणि ओढ्याचे ठिकाण लिहायला चार शब्द अधिक लागतात. जेथे नाव लिहिणे उचित नसेल तेथे ते का लिहिले नाही हे लिहायला आणखी चार लागतील. मृतांच्या ऋणाविषयी अभ्यासकाकडून अपेक्षा करायची ती इतकीच आहे, आणि ती पुरी करण्यासाठी कोणताही नवा सिद्धान्त लागत नाही.